धोंडुबाईच्या डंकाचं पाचवं कलम

शिवाजी पेठेत आमच्या गल्लीत दोन घरांची मधली भिंत एकच आहे. तिच्या डाव्या अंगाला धोंडुबाई साळोखे राहते, उजव्या अंगाला त्रिशलाबाई मगदूम. माझं घर बरोबर समोर, पहिल्या मजल्यावर, सज्जासकट. सज्जा बांधताना मिस्त्रीनं विचारलं होतं, ‘दादासो, एवढा मोठा कशाला?’ त्याला काय सांगणार!

हे लिहायच्या आधी मी दोघींची परवानगी घेतली. एकत्र नाही, एकेकटीची. एकत्र घ्यायला गेलो असतो तर आज हात प्लास्टरमध्ये असता. दोघींनी अट मात्र एकच घातली: दुसरीला चांगलं म्हणायचं नाही. तेव्हा ज्यांना चांगल्या माणसांची गोष्ट वाचायचीय त्यांनी इथंच थांबावं.

धोंडुबाईचा चटणी कुटायचा डंक आहे. ज्यांची चटणी पाकिटातून येते त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीत पुरलेली लोखंडी उखळं, वर मोटारीवर उचलून आपटणारी लोखंडी मुसळं, आणि सगळ्या गल्लीच्या नाकात मिरची. होळी झाली की बायका घरून मिरच्या भाजून, मसाला तळून डबे घेऊन येतात आणि आपल्या उखळाशेजारी स्टूल टाकून बसतात. डोळ्याचं पातं लवत नाही. आपली मिरची दुसरीच्या डब्यात जाईल ही भीती एक, आणि आपण खोबरं किती, तीळ किती घालतो हे दुसरीला कळेल ही भीती दोन. कांडपवालीला मात्र सगळ्या पेठेच्या चटण्या पाठ असतात. म्हणून हा धंदा दोन गोष्टींवर उभा असतो. तोंड बंद पाहिजे आणि उखळ स्वच्छ पाहिजे.

तिसरा नियम धोंडुबाईचा स्वतःचा. उखळात हात फक्त तिचा. गिऱ्हाइकानं वाकून बघितलेलंसुद्धा तिला चालत नाही. बिद्रीकडच्या एका पाहुण्यानं एकदा मसाला बारीक झालाय का बघायला आत बोट घातलं. धोंडुबाईनं मोटार बंद केली, त्याची अर्धवट कुटलेली मिरची डब्यात भरली आणि डबा त्याच्या छातीवर ठेवला.

“पावणं, तुमच्याकडं साखर कारखाना हाय न्हवं? तितल्या चरकात घाला जावा बोट. हितं न्हाय.”

ही बाई मूळची शाहूवाडीच्या डोंगरातली. भाताच्या चिखलात वाढलेली, पंधरा माणसांच्या घरातली सगळ्यात वाईट तोंडाची पोरगी अशी तिची ख्याती लग्नाआधीच इथं पोचली होती. नवरा ट्रक चालवायचा. मुलगी निशा चार वर्षांची असताना तो घाटातल्या अपघातात गेला. दिरानं सांगितलं, माहेरी जा. धोंडुबाई म्हणाली, “जातो की. तुमची तिरडी उचलली की लगीच जातो.” (आमच्याकडच्या बायका ‘जाते, येते’ म्हणत नाहीत, ‘जातो, येतो’ म्हणतात. पुण्याच्या लोकांनी हसू नये.) दीर अजून जिवंत आहे आणि धोंडुबाई अजून इथंच आहे.

आधी तिनं घरोघरी हातानं कांडप केलं. मग जुना डंक घेतला. पहिल्या दोन वर्षांत बस्तान बसलं, आणि तिसऱ्या वर्षी एका बाईनं भर रांगेत ओरडून सांगितलं की माझी ब्याडगी गेली आणि हलकी मिरची आली. खरं-खोटं कुणालाच ठाऊक नव्हतं. भांडण मिटावं म्हणून धोंडुबाई एवढंच म्हणाली, “चुकलं असंल बाई माजं.” झालं. त्या एका वाक्यावर पेठेनं अख्खा हंगाम तिच्या दाराकडं पाठ फिरवली. मुसळं वर टांगलेली, ही दारात बसलेली, आणि समोरून बायका डबे घेऊन दुसऱ्या डंकाकडं जाताहेत, हे मी सज्जातून बघितलंय. तेव्हापासून ‘चुकलं’ हा शब्द तिनं तोंडातून हद्दपार केला. भाजीत मीठ जास्त पडलं तर ती मिठाला शिव्या देते.

आता त्रिशलाबाई. प्राथमिक शाळेत छत्तीस वर्षं मास्तरीण होत्या. निवृत्त झाल्या, पण तपासणं सुटलं नाही. भाजीवाल्याची बेरीज तपासतात, मंडळाच्या फलकावरचं शुद्धलेखन तपासतात, माझ्या सज्जातल्या कुंड्यांखाली पाणी साचलंय का ते खालून मान वर करून तपासतात. जैन घरातल्या, नेमाच्या बाई. कांदा-लसूण सोडून तीस वर्षं झाली, त्यात तडजोड नाही.

तर मगदुमांच्या घरची चटणी बिनलसणाची, आणि बाकी सगळ्या पेठेची लसूण घातल्याशिवाय होत नाही. म्हणून गल्लीत एक रीत पडली होती. हंगामाच्या पहिल्या दिवशी धोंडुबाई उखळ खरवडायची, गरम पाण्यानं धुवायची, उन्हात वाळवायची, जाड मीठ घालून एकदा मुसळ चालवायची, आणि मग पहिला घाणा मगदुमांचा. तो निघाला की मग बाकीची पेठ. दोघींचं प्रेम होतं असं समजू नका. त्रिशलाबाई डबा ठेवताना म्हणायच्या, “धोंडुअक्का, नीट धुतलंय न्हवं?” आणि धोंडुबाई म्हणायची, “न्हाय, शेणानं सारवलंय.” पण रीत चालू होती, वीस वर्षं.

सहा वर्षांपूर्वी ती मोडली. आदल्या संध्याकाळी एक खानावळवाला आला, दुसऱ्या दिवशी मोठं जेवण आहे म्हणून गयावया करायला लागला आणि धोंडुबाईनं त्याची कांदा-लसूण चटणी कुटून दिली. सकाळी त्रिशलाबाई डबा घेऊन हजर. घाणा झाला. बाईंनी झाकण उघडून वास घेतला आणि तिथंच उभ्या राहिल्या.

“लसणाचा वास येतोय.”

“कशाचा?”

“लसणाचा. धुतलं न्हाईस.”

रांगेत दहा-बारा बायका होत्या. सगळ्यांची तोंडं धोंडुबाईकडं वळली. दुसरी कुणी असती तर बाजूला घेऊन काहीतरी पुटपुटली असती. धोंडुबाईनं कमरेवर हात ठेवले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, “वास तुमच्या नाकात असंल मास्तरीणबाई. आन् आसला तर आसला! येवढ्यानं कोण बाटत न्हाय!”

त्रिशलाबाईंनी झाकण लावलं. डबा उचलला, दोन पावलं चालत गटारीपाशी गेल्या आणि सगळी चटणी गटारीत पालथी केली. रिकामा डबा घेऊन घरात गेल्या, दार लावलं.

कुटून झालेलं अन्न गटारीत. डंकाच्या दारात, हंगामाच्या पहिल्या दिवशी. धोंडुबाईचा चेहरा मी तेव्हा बघितला. ती नंतर तासभर शिव्या देत होती, पण पहिली दोन मिनिटं ती नुसती गटारीकडं बघत उभी होती.

पंधरा दिवसांत कोर्टाची नोटीस आली. नोटिशीत काय होतं? लसूण? छे! त्रिशलाबाईंचा मुलगा अनेकांत आईला घेऊन वकिलाकडं गेला, तेव्हा वकिलानं विचारलं म्हणे, “वास आला, अपमान झाला, ते ठीक आहे. पण यावर दावा कसा लावू? भिंतीला चीर बीर आहे का?” अनेकांत म्हणाला, चीर आहे की, मी अर्ध्या चड्डीत होतो तेव्हापासून आहे.   मग दावा उभा राहिला: डंकाच्या हादऱ्यानं सामाईक भिंतीला चीर, मिरचीच्या धुरळ्यानं खोकला, आवाजानं झोपमोड; सबब डंक कायमचा बंद करावा. धोंडुबाईच्या वकिलानं उलट लिहिलं की चीर जुनी, खोकला सवयीचा आणि वादीला झोपच येत नाही. अठ्ठावीस पानं झाली. त्यात लसूण हा शब्द एकदाही नाही.

मग सहा वर्षं तारखा. आणि तारखांच्या मधल्या काळात रोजचं युद्ध. सकाळी सडा टाकताना दोघी पाणी बरोबर भिंतीच्या रेषेपर्यंत टाकायच्या. एका सकाळी एकीचं पाणी वीतभर पुढं गेलं तर दुसरीनं दारातली रांगोळी पुसून पोलिसांना फोन केला. त्रिशलाबाईंनी पापड वाळत घातले की धोंडुबाई नेमकी तेव्हाच चाळणी झटकायची. धोंडुबाई फोनवर बोलायला लागली की भिंतीपलीकडं टीव्हीवरचं प्रवचन टिपेला पोचायचं. आणि दर हंगामात सगळ्यात मोठा घाव असा की त्रिशलाबाई मिरचीचा डबा मांडीवर घेऊन, धोंडुबाईच्या दारातच रिक्षा थांबवून, मोठ्यानं सांगायच्या: “राजारामपुरीत चला. स्वच्छ डंकावर.” 

मिटवायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. तालमीचे वस्ताद हंबीरराव, वय सत्तर, आवाज लाउडस्पीकर. त्यांनी दोघींना तालमीच्या कट्ट्यावर बोलावलं. आम्ही पन्नास माणसं बघायला. हंबीररावांनी कुणाचंच ऐकलं नाही, स्वतःच दहा मिनिटं ओरडले आणि निकाल दिला: “धोंडे, तू चुकलं म्हण. बाई, तुमी दावा काडून घ्या. चा प्या. इषय संपला.”

धोंडुबाई म्हणाली, “वस्ताद, परवाच्या फुटबॉल मॅचला तुमच्या तालमीच्या पोरांनी सहा गोल खाल्ले. तवा तुमी चुकलं म्हणालासा व्हय?”

चहा तसाच राहिला. मी दोन कप प्यालो.

यंदा पौषात मात्र पाणी गळ्याशी आलं. कोर्टानं पाठवलेला कमिशनर पाहणीला आला होता. त्यानं त्रिशलाबाईंच्या खिडकीत पाण्यानं भरलेला पेला ठेवला आणि डंक चालू करायला लावला. पेल्यातलं पाणी थरथरलं आणि त्यानं ते लिहून घेतलं. आता होळीच्या आधी मनाईच्या अर्जावर हुकूम होणार होता. वकील विजयसिंहांनी धोंडुबाईला स्पष्ट सांगितलं: “मावशी, डंकाला कुलूप लागतंय बघा.” पण हुकुमाच्या आधी जज्जसाहेबांनी कागद बाजूला ठेवून विचारलं, एकदा मध्यस्थाकडं जाऊन बसता का? जमलं तर जमलं, नाही जमलं तर मी आहेच.

धोंडुबाईला वाटलं, म्हणजे अजून एक हंबीरराव.

बावड्याला कोर्टात मध्यस्थी केंद्र आहे, तिथं मीच तिला मोटरसायकलवर घेऊन गेलो. सोबत म्हणून. बाकी माझा काय स्वार्थ! पण आत सोडलं नाही. मध्यस्थ म्हणून बसलेल्या वकीलबाई, अनुजा मॅडम, चाळिशीच्या आत-बाहेरच्या, त्यांनी दारातच मला विचारलं, “तुम्ही पक्षकार आहात?”

“शेजारी आहे.”

“मग बाहेर बसा. इथं बोललेलं इथंच राहतं. कोर्टालाही सांगितलं जात नाही.”

शेजाऱ्याला बाहेर काढणारी ही पहिलीच पंचायत मी बघितली. मी बाकावर बसलो. आतलं जे खाली लिहिलंय ते धोंडुबाईनं तिच्या बाजूचं मला परतीच्या वाटेवर माझ्या कानात ओरडून सांगितलं, आणि त्रिशलाबाईंनी त्यांच्या बाजूचं, आपलं बरोबर कसं होतं हे पटवायला, दुसऱ्या दिवशी. गुप्ततेचं बंधन मॅडमवर होतं. या दोघींवर कोण घालणार?

आत गोल टेबल. दोघींनी खुर्च्या अशा फिरवल्या की एकीचं तोंड खिडकीकडं, दुसरीचं कपाटाकडं. मॅडम म्हणाल्या, इथं कुणी वादी नाही, कुणी प्रतिवादी नाही. धोंडुबाई खिडकीला म्हणाली, “मग आमी काय हळदीकुंकवाला आलोय व्हय?” त्रिशलाबाई कपाटाला म्हणाल्या, “बघितलंसा, ही भाषा.”

पण खरी गंमत पुढं झाली. मॅडमनी दाव्यातला एकेक मुद्दा घेतला आणि तासाभरात सगळे मुद्दे संपले. हादरा? डंकाच्या पायाखाली जाड रबर टाकायचं. धुरळा? खिडकीला ओलं पोतं लावायचं. आवाज? दुपारी एक ते चार बंद. चीर? धोंडुबाईनं गवंडी लावून बुजवायची. चार कलमं. अनेकांतनं सुटकेचा श्वास सोडला. दर तारखेला आपलं दुकान बंद करून आईला आणून आणून तो वैतागला होता. कागद टाइप होऊन आला. धोंडुबाईनं सही केली. पेन त्रिशलाबाईंपुढं ठेवलं.

बाईंनी कागद शाळेच्या सवयीनं वरपासून खालपर्यंत वाचला, एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केला आणि पेन खाली ठेवलं.

“ह्यात ती गोष्ट न्हाय.”

“कुठली?” मॅडम म्हणाल्या.

“तिला इचारा.”

“मला काय बी ठावं न्हाय,” धोंडुबाई खिडकीला म्हणाली.

“आई, सही कर की गं,” अनेकांत कळवळला. “भिंतीचं झालं, आवाजाचं झालं, आता काय ऱ्हायलं?”

“तू गप. तुला चीर दिसली, तू चिरीवर दावा लावलास. मी चिरीसाठी आलो न्हवतो.”

सहा वर्षं, अठ्ठावीस पानं, दोन वकील आणि एक पाण्याचा पेला. आणि वादी म्हणते, मी त्यासाठी आले नव्हते. ती बैठक तिथंच मोडली.

दुसऱ्या बैठकीला आठवडा. त्या आठवड्यात धोंडुबाई माझ्या घरी तीनदा आली आणि तिन्ही वेळा न विचारता बोलली. होळी तोंडावर आली होती. “हुकूम झाला की टाळं. निशा म्हनतीय माज्याकडं ये. जावयाच्या घरात जाऊन काय करू? वाटीनं चटणी मागून खाऊ व्हय?”

मी म्हटलं, “एक शब्द बोलून टाक, सुटशील.”

“दाद्या, तुज्या जिभेला हाड न्हाय म्हणून तुला सोपं वाटतंय. म्या एकदा बोललोय त्यो शब्द. एक हंगाम गेलता. आता लसणाचं चुकलं म्हटलं तर उद्या बायका म्हनतील, मगदुमाच्यात लसूण मिसळली, मग आमच्यात काय काय मिसळलं आसंल? डंकाला टाळं लावायला कोर्ट कशाला पायजे मग?”

आणि खरंच होतं ते. कोर्ट डंक बंद करणार होतं आणि माफी मागितली असती तर पेठेनं बंद केला असता.

दुसऱ्या वेळी मॅडमनी दोघींना वेगवेगळं बसवलं. आधी त्रिशलाबाई. त्यांनी लसणाची सगळी हकिगत सांगितली. पहिल्यांदाच कुणी मधे तोडत नाही म्हणून पाऊण तास सांगितली. वकिलानं ‘यावर कलम नाही’ म्हणून थांबवलं होतं, हंबीररावांनी ‘इषय संपला’ म्हणून थांबवलं होतं. बाई शेवटी म्हणाल्या, “माझा नेम मोडला न्हाई. मी खाल्लीच न्हाई ती चटणी. पण दहा बायकांसमोर तिनं माझा नेम येवढासा केला. मला तिचं प्रायश्चित्त नको. धुतलं का न्हाई, येवढं खरं पाहिजे.”

मग धोंडुबाई आत गेली. मॅडमनी दार लावलं आणि विचारलं, “मी हे कुणाला सांगणार नाही. त्या दिवशी उखळ धुतलं होतं का?”

धोंडुबाई पंख्याकडं बघत बसली. मग टेबलावरचा पेपरवेट फिरवला. मग म्हणाली, “त्या दिवशी नळाला पाणी न्हवतं.”

“म्हणजे?”

“म्हंजे पाणी न्हवतं. नुस्तं मीठ फिरवलं. येळ न्हवता.”

“हे मी त्यांना सांगू?”

“जीभ कापून देईन, पर हे सांगायचं न्हाय.” (आता छापायला मात्र तिनं परवानगी दिलीय: चूक नळाची आहे, म्हणे.)

“मग काय सांगू?”

धोंडुबाई सांगत होती की इथं ती लई वेळ गप्प बसली. धोंडुबाई लई वेळ गप्प बसली हे मला पटायला अवघड गेलं, पण ती म्हणते म्हणून लिहितो. शेवटी ती म्हणाली, “तिला म्हणावं, हंगामाच्या पयल्या दिवशी ये आन् उखळ बघ. आत हात घालून.”

मॅडम शहाण्या, पण डंकावर कधी बसलेल्या नसाव्यात. त्यांना वाटलं, तपासणीची एक साधी अट. त्यांनी तसंच जाऊन त्रिशलाबाईंना सांगितलं. आणि समोरची बाई ताडकन सरळ झाली.

“हात घालून? तिच्या उखळात?”

“असं म्हणाल्या.”

“तिच्या तोंडानं म्हणाली?”

“हो. का?”

त्रिशलाबाईंनी कारण सांगितलं नाही. इतकी वर्षं शेजारी राहून त्यांनी स्वतःसुद्धा त्या उखळात कधी वाकून बघितलं नव्हतं. एवढंच म्हणाल्या, “सगळ्यांसमोर पाहिजे. बोलली सगळ्यांसमोर, तर हात बी सगळ्यांसमोर.”

निरोप पलीकडं गेला. धोंडुबाई भडकली. “सगळ्यांसमोर? म्हंजे मी डोंबाऱ्याचा खेळ मांडू व्हय? मग माजी बी अट घाला. तिनं मिरची माज्याच डंकावर आणायची. सोता उचलून, पुढल्या दारानं, दिवसाउजेडी. रिक्षात बसून राजारामपुरी न्हाय! आन् चटणी गटारीत वतायची न्हाय. पटली न्हाय तर घरात नेऊन काय करायचं ते करू दे.”

आता निरोप इकडं. त्रिशलाबाई म्हणाल्या, “आणीन. पण माझ्याकडनं ‘हं’ आल्याशिवाय पेठेत कुणाचाच घाणा चालू व्हायचा न्हाई.”

निरोप तिकडं. “चालंल. पर तिनं नुस्तं ‘हं’ म्हणायचं. वर भाषण न्हाय.”

निरोप इकडं. “मला कुठं हौस आहे तिच्याशी बोलायची!”

बाकावरून मला दिसत होतं ते एवढंच की मॅडम या खोलीतून त्या खोलीत अकरा वेळा गेल्या आणि दर वेळी त्यांचा पदर थोडा जास्त घट्ट खोचलेला होता.

पाचवं कलम मी स्वतः वाचलंय. त्यात ‘लसूण’ नाही, ‘चूक’ नाही, ‘माफी’ नाही. दरवर्षी हंगामाच्या पहिल्या दिवशी उखळाची पाहणी श्रीमती मगदूम स्वहस्ते करतील; त्यांनी होकार दिल्यावरच कांडप सुरू होईल; पहिला घाणा त्यांचा राहील व त्या आपली मिरची याच डंकावर आणतील; सदर प्रसंगी दोन्ही पक्षांवर एकमेकांशी संभाषण करण्याचे बंधन राहणार नाही. विजयसिंह वकिलांनी ते दोनदा वाचून विचारलं, “मॅडम, याचा दाव्याशी संबंध काय?”

“पक्षकारांना माहीत आहे,” मॅडम म्हणाल्या आणि पेन पुढं केलं. या वेळी त्रिशलाबाईंनी शुद्धलेखनही तपासलं नाही.

होळीनंतरचा सोमवार. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. चटणी कुटायला आलेल्या बायका वीस आणि बघायला आलेली माणसं साठ. हंबीरराव वस्ताद खुर्ची घेऊन आले होते. डंकाखाली नवं रबर, खिडकीला ओलं पोतं, भिंतीची चीर बुजवलेली. धोंडुबाई पहाटेपासून घासत होती. सात वाजता ती दारातून बाजूला झाली आणि हाताची घडी घालून मोटारीपाशी उभी राहिली.

त्रिशलाबाई डबा स्वतः उचलून, पुढच्या दारानं आल्या. डबा ठेवला. हात धुतले, पदरानं नाही, घरून आणलेल्या रुमालानं पुसले. खाली बसल्या. उखळात कोपरापर्यंत हात घातला, बोटं तळाला फिरवली, बाहेर काढून नाकाला लावली.

सगळ्या गल्लीनं माना पुढं काढल्या.

त्यांनी मान हलवली. नाही.

 धोंडुबाईनं तोंड उघडलं, मिटलं, आणि गरम पाण्याची घागर उचलली. खसाखसा घासलं. घासताना भिंतीला, घागरीला, नळाला, महापालिकेला शिव्या दिल्या. त्रिशलाबाईंचं नाव सोडून सगळ्यांना. कलमात शिव्यांवर बंदी नव्हती.

दुसऱ्यांदा हात गेला. बाईंनी या वेळी वर टांगलेल्या मुसळाच्या टोकाकडं बोट दाखवलं. नुसतं बोट. शाळेत वहीतल्या चुकीवर ठेवायच्या तसं. धोंडुबाईनं मुसळ पुसलं, धुतलं, परत पुसलं. रांगेतल्या एका बाईनं घड्याळ बघितलं तर धोंडुबाईनं तिच्याकडं असं बघितलं की तिनं हातच पदराखाली घेतला.

तिसऱ्यांदा हात गेला. बोटं तळाला फिरली, कडेला फिरली. नाकाशी गेली. त्रिशलाबाई तशाच बसून राहिल्या. मुद्दाम बसल्या, माझी खात्री आहे. सहा वर्षांतली एकेक तारीख मोजत बसल्या. मग उठल्या.

“हं.”

मोटार चालू झाली. मुसळं आपटायला लागली. त्रिशलाबाई स्टूलवर बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या, पूर्ण घाणा होईपर्यंत. डबा भरला. झाकण उघडून त्यांनी वास घेतला, आणि सगळ्या गल्लीनं गटारीकडं बघितलं. त्यांनी झाकण लावलं. डबा उचलून घरात गेल्या. धोंडुबाईकडं बघितलंसुद्धा नाही. धोंडुबाईनंही बघितलं नाही. ती पुढच्या डब्याचं झाकण काढत होती आणि ते निघत नव्हतं म्हणून डब्यावर ओरडत होती.

रांग हलली. पण आता प्रत्येक बाईच्या डोळ्यांत एक नवीनच चमक दिसायला लागली. मास्तरीणबाईंना हात घालू देते, मग आम्हाला का नाही?  मग मीच पुढं झालो. मी नाही तर कोण? माझ्या घरचा डबा होता हातात, हक्कानं म्हटलं, “धोंडुबाई, आमच्या वेळेला आमी बी जरा हात घालून बघू की.”

तिनं मोटारीच्या आवाजावरून ओरडून विचारलं, “कोर्टाच्या कागदावर नाव हाय तुजं?”

“न्हाय.”

“सहा वर्सं भांडलाईस माज्याशी?”

“न्हाय.”

“मग हात भाईर!”